तक्रार निकाली निघाली



अंकात कविता पुष्कळ येतात. येऊ द्यात. मी कचऱ्यावर लिहितो. कवितेतल्या कचऱ्यावर नव्हे, जिथं उकिरड्यावर सूर्य उगवतो वगैरे. दाराबाहेर ठेवलेल्या दोन डब्यांवर. एक ओला, एक सुका. त्या डब्यांपायी जी तक्रार होते ती महापालिकेत कशी 'निकाली' निघते, त्यावर.

मी दोन वर्षं एका महापालिकेच्या तक्रार टेबलावर बसलो. कंत्राटी. कुठली महापालिका ते लिहीत नाही, कुठलीही धरा. आजी बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून शहरात आली, आईनं तीस वर्षं कागद, काच, पत्रा वेचला, आणि मी बी. कॉम. होऊन खुर्चीत बसलो. ज्यांच्यावर तक्रार होते त्यांच्या घरातलाच मी, आणि तक्रार उतरून घ्यायलाही मीच. साहेबाला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर नेमलं नसतं, किंवा जास्तच खुशीनं नेमलं असतं. सांगता येत नाही. आपल्या माणसाला आपल्याच माणसाच्या पाठीवर बसवायची कला या देशात जुनी आहे.

तर तक्रारी. फोनवर येतात, अॅपवर येतात, व्हॉट्सअॅपवर फोटोसकट येतात. बाई आली नाही. बाई आली पण सात वाजता आली, आम्ही झोपलेले असतो. बाई नारळाची करवंटी नेत नाही. थर्माकोल नेत नाही. गादी नेत नाही. चांगलं भंगार निवडून घेते, बाकीचं जिन्यात टाकते. दिवाळीला पैसे मागते. पार्किंगमध्ये बसून कचरा पसरते, पाहुण्यांसमोर लाज वाटते. लिफ्ट वापरते. मोठ्यानं बोलते. मोबाइलवर बोलते. आणि एक तक्रार मी अजून विसरलो नाही: बाई रिकामा डबा परत ठेवताना उंबऱ्याच्या आत ठेवते, तिला बाहेर ठेवायला सांगावे.

ही कुठल्या खान्यात टाकायची? कॉम्प्युटरला खाना लागतो. 'कचरा उचलला नाही' हा एक खाना, 'गाडी आली नाही' हा दुसरा, 'कर्मचाऱ्याची वर्तणूक' हा तिसरा. शिवाशिवीचा खाना नाही. संविधानाच्या सतराव्या कलमानं तो खाना कधीच बंद केला म्हणतात. मग उंबऱ्याची तक्रार 'वर्तणूक' मध्ये गेली. कुणाची वर्तणूक? बाईची.

आता ती निकाली कशी निघते बघा. तक्रार आली की तिला नंबर पडतो. नंबर आरोग्य निरीक्षकाकडं, निरीक्षकाकडून मुकादमाकडं, मुकादमाकडून कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडं. प्रत्येक जण एक पायरी खाली ढकलतो. घड्याळ चालू असतं. अठ्ठेचाळीस तासांत नंबर 'बंद' झाला नाही तर तो लाल होतो, लाल झाला की वरून फोन येतो. म्हणून वरपासून खालपर्यंत सगळ्यांना एकच चिंता: नंबर हिरवा करा. कचऱ्याचं काय झालं, का उचलला गेला नाही, गाडा मोडला होता काय, बाई तापानं पडली होती काय, हे विचारायला घड्याळात वेळ नसतो. सुपरवायझर बाईला फोन लावतो. शिव्या देतो. बाई धावत जाते. डबा रिकामा करते. डब्याशेजारी उभी राहते, सुपरवायझर फोटो काढतो, फोटो अॅपवर चढतो. तक्रारदाराला मेसेज: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, धन्यवाद. महिन्याच्या शेवटी बाईच्या हातात पैसे कमी. विचारलं तर उत्तर: तुझ्यावर कंप्लेंट होती.

किती कमी? कोण सांगणार. पावती नाही, चिठ्ठी नाही. एक खाडा मांडलेला असतो, कधी दोन.

आमच्या वस्तीतली एक मावशी. तिच्यावर 'उद्धट बोलते' अशी तक्रार झाली. सुपरवायझर तिला घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेला. सेक्रेटरी खुर्चीत, ती दारात. "माफी माग." ती म्हणाली, "म्या काय बोलले ते तरी सांगा." सेक्रेटरीला आठवेना. तक्रार त्यानं केलीच नव्हती, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी केलेली, त्या माहेरी गेलेल्या. तरी माफी मागून घेतली. कारण नंबर बंद करायचा होता. घडलं असं होतं की सुक्या डब्यात रद्दीच्या खाली फुटलेल्या बाटलीची काच होती, मावशीचा पंजा फाटला, आणि ती कळवळून ओरडली. हा उद्धटपणा. पंजाला चार टाके पडले. त्या टाक्यांचा नंबर नाही, कारण त्याची तक्रार करायला तिला खाना नाही.

हीच माझी मुख्य गोष्ट आहे, बाकी सगळं तिच्याभोवती आहे. अॅप उघडलं की ते विचारतं, 'नागरिक म्हणून नोंदणी करा'. डबा ठेवणारा नागरिक. डबा उचलणारी कोण? ती तक्रारीचा विषय. डब्यापासून ऑफिसात जाणारा रस्ता एकमार्गी आहे. त्यावरून तिच्याविषयी कागद जातो, तिचा कागद कधी जात नाही.

तुम्ही म्हणाल, हे अॅप-बिप नवीन आहे, सुधारेल हळूहळू. नवीन? संयुक्त प्रांताचा, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाचा, १९१६ चा नगरपालिका कायदा काढा. त्यातलं २०१ वं कलम. घरची घाण काढण्याचा 'परंपरागत हक्क' असलेल्या भंग्यानं काम नीट केलं नाही, किंवा वेळच्या वेळी केलं नाही, तर घरमालकानं मॅजिस्ट्रेटकडं तक्रार करायची. मॅजिस्ट्रेटनं चौकशी करायची. दोष दिसला तर दहा रुपयांपर्यंत दंड. पुन्हा दोष दिसला तर तो 'हक्क'च काढून घ्यायचा. पंजाबच्या १९११ च्या कायद्यातही त्याच वळणाचं कलम होतं. बाबासाहेबांनी अस्पृश्यांविषयी लिहिताना ही कलमं मुद्दाम उतरून ठेवली. ते लिखाण त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही, सरकारनं काढलेल्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात १९८९ साली आलं. ज्यांच्या घरात तो खंड शोकेसच्या काचेमागं आहे त्यांनी काच सरकवावी.

बाबासाहेबांनी ही कलमं का उतरवली? जगाला दाखवायला, की जिथं जातीचा कामगार काम सोडू बघतो तिथं सरकार घरमालकाच्या बाजूनं कसं उभं राहतं. घाण उपसण्याला 'हक्क' म्हणायचं आणि त्या हक्काच्या दावणीला माणूस बांधायचा. आपल्याकडं महारकीचं वतन होतं, तेही असंच 'हक्का'चं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात वतनाचं बिल आणलं ते उगाच नव्हे.

आणि आता दोन्ही समोरासमोर ठेवा. १९१६ च्या इंग्रजी कायद्यात घरमालकाची तक्रार होती, पण निदान मॅजिस्ट्रेट होता. चौकशी होती. दंडाला दहा रुपयांची मर्यादा होती. आज मॅजिस्ट्रेट नाही, चौकशी नाही, मर्यादा नाही. सुपरवायझरच मॅजिस्ट्रेट, फोटो हाच पुरावा, आणि निकाल अठ्ठेचाळीस तासांत. एवढ्या झपाट्यानं या देशात दलितांचा दुसरा कुठला खटला चालतो? अॅट्रॉसिटीच्या केसेस वर्षानुवर्षं तारखा खातात. साला, करवंटीची केस दोन दिवसांत!

स्वच्छ भारत २ ऑक्टोबर २०१४ ला निघालं. तारीख बघून घ्या, अशोक विजयादशमी नव्हे, गांधीजयंती. झाडू हातात घेऊन फोटो निघाले. २०१६ पासून शहरांना स्वच्छतेचे नंबर देणं सुरू झालं, त्याच वर्षी केंद्राचं तक्रारींचं अॅपही आलं. पुढच्या वर्षांत अॅप किती लोक वापरतात, तक्रारी किती निकाली निघतात, यालाही गुण ठेवले. म्हणजे शहराचा नंबर वर जायचा तर तक्रार व्हायला हवी आणि ती मिटायलाही हवी. शहराला बक्षीस, आयुक्ताला दिल्लीत ट्रॉफी, बाईला खाडा.

त्या अॅपात तक्रारीचे जे खाने होते त्यातला एक होता 'मेलेलं जनावर'. बोट लावा, फोटो टाका, कुणीतरी येऊन ओढून नेईल. कोण येईल हे अॅपला विचारायची गरज नाही, गावाला कधी पडली होती? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस खाऊ नका. आपल्या आज्या-पणज्यांनी ढोरं ओढणं सोडलं, त्यापायी मार खाल्ला, गावकी बंद झाली, उपाशी राहिले. आणि ज्या २०१६ साली अॅपमध्ये 'मेलेलं जनावर' हा खाना आला, त्याच वर्षी जुलैमध्ये गुजरातेत उनाला मेलेल्या गाईचं कातडं सोललं म्हणून चौघांना गाडीला बांधून मारलं. उचललं तर मार. नाही उचललं तर तक्रार. (१९२७ वरून आठवलं. महाडला आपण पाण्याला हात लावला, त्याच सालापासून देवनारला मुंबईचा कचरा पडू लागला. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन वाक्यं एका पानावर कधी येत नाहीत.)

आता सुक्या डब्याकडं येऊ. २०१६ साली केंद्रानं घनकचऱ्याचे नियम काढले. ओला वेगळा, सुका वेगळा, घातक वेगळा. चांगलं आहे, कुणी ना म्हणावं? पण पोटात शिरून वाचा. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर नीट गुंडाळून कुठल्या डब्यात टाकायला सांगितले? सुक्या. ज्या सुक्या डब्यातून बाईनं हातानं कागद वेगळा, प्लास्टिक वेगळं, पत्रा वेगळा करायचा, त्याच डब्यात. पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी गुंडाळायला पाऊच द्यावं, असंही त्यात होतं. तुम्ही कुठल्या दारात पाऊचमध्ये गुंडाळलेलं पॅड पाहिलंत? आईला विचारलं तर म्हणते, "गुंडाळलेलं आसलं तरी सोडूनच बघाया लागतं. आत काय हाय ते वरून कसं कळावं? आन् आत निघालं की दिवसभर जेवण जात न्हाई." कायदा करणारे साहेब सुशिक्षित होते. त्यांना ओला-सुका कळत होता. हात कुणाचा आहे एवढंच त्यांनी लिहिलं नाही, कारण ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

'चांगलं निवडून घेते, बाकी टाकते' ही तक्रार सर्वांत जास्त येते, म्हणून तिचं सविस्तर सांगतो. वेफर्सचं पाकीट, बिस्किटाचा पुडा, शाम्पूची पुडी. एकावर एक थर चिकटवलेले, मधे चंदेरी पत्र्याचा थर. ते थर सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला घेत नाही. पुठ्ठा घेतो, रद्दी घेतो, बाटली घेतो, दुधाची पिशवी घेतो. चंदेरी पाकीट फुकट दिलं तरी नको म्हणतो. बाई ते डोक्यावर वाहून नेते तेव्हा ती कंपनीची फुकट हमाल असते. एखाद्या दिवशी नाही नेलं की साहेब लोकांची तक्रार.

त्या पाकिटाचीही एक तक्रार झालेली आहे आणि तीही निकाली निघालेली आहे. कशी ते ऐका. २०१६ च्याच प्लास्टिकच्या नियमांत लिहिलं होतं: ज्याचा पुनर्वापर होत नाही असं बहुथरी प्लास्टिक दोन वर्षांत बंद करा. सरळ मराठीत, हे पाकीट काढू नका. दोन वर्षं भरत आली, मार्च २०१८ मध्ये नियम बदलला. बंदी फक्त अशा पाकिटाला, ज्याचा पुनर्वापरही होत नाही, ज्याला जाळून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा कसलाच उपयोग नाही. आता जगात असं काय आहे जे जळत नाही? झालं. पाकीट सुटलं.

म्हणजे तिघांच्या तक्रारी बघा. घरवाल्याची तक्रार दोन दिवसांत मिटते, बाईचा पगार कापून. कंपनीची तक्रार दोन वर्षांत मिटते, कायदा बदलून. बाईची तक्रार लिहूनच घेत नाहीत, मग मिटायची कुठली?

एवढं वाचून कुणी पांढरपेशा मित्र म्हणेल, अहो, पण तक्रारी खऱ्या असतात ना? असतात. मी स्वतः उतरून घेतल्यात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक आजीबाई होत्या, गुडघे गेलेले. चार दिवस डबा दारात, किडे झालेले. रडत होत्या फोनवर. ती तक्रार खोटी आहे असं मी कशाला म्हणू? त्यांचा डबा रोज उचलला गेलाच पाहिजे. पण चार दिवस का उचलला गेला नाही ते शोधायला मी स्वतः गेलो. त्या गल्लीची बाई बाळंतपणाला मुलीकडं गेलेली, तिच्या जागी बदली बाई दिलीच नव्हती. कंत्राटाच्या कागदावर बदली माणूस होता. कागदावर असलेल्या माणसाचे पैसे उचलले जात होते. आजीबाईंची तक्रार त्या कागदावर व्हायला हवी होती. झाली कुणावर? जिनं कधी नव्हे ती रजा घेतली तिच्यावर. तक्रार खरी, आरोपी खोटा. हा धंदा आहे.

महापालिका मुद्दाम असं यंत्र बनवते की घरवाला आणि कचरेवाली यांची तोंडं एकमेकांकडं राहावीत आणि दोघांची पाठ महापालिकेकडं. घरवाला कर भरतो, त्याचा रागही खरा. बाईचा घामही खरा. मधल्या मध्ये गाड्याचं चाक कुणी दुरुस्त करायचं, हातमोजे कुणी द्यायचे, कचरा वेगळा करायला छप्पर कुणी द्यायचं, हे प्रश्न हवेत.

वेगळं होऊ शकतं का? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा आढावांसारखी माणसं तिच्यामागं होती, पण उभ्या राहिल्या त्या बायका, बहुतेक आपल्या. आधी त्यांनी ओळखपत्र मागितलं, कारण पोलीस चोर म्हणून धरत. पुढं २००८ साली त्यांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला. दारोदार कचरा उचलायचा, त्याचं शुल्क घरवाल्यानं थेट बाईच्या हातात द्यायचं, सुक्यातलं भंगार विकायचा हक्क बाईचा. मी त्याची आरती ओवाळत नाही. कराराच्या प्रत्येक मुदतीला या बायकांना रस्त्यावर यावं लागलं, ठेकेदार टपून बसलेले. आणि दरमहा घरोघरी पैसे मागायचे म्हणजे पुन्हा 'पैसे मागते' ही तक्रार आलीच. पण एक फरक आहे. तिथं बाईच्या मागं तिची संघटना आहे. तक्रार आली तर तिची बाजू ऐकायला कुणीतरी असतं. आमच्या शहरात ते कुणीतरी म्हणजे कंत्राटदाराचा सुपरवायझर.

मुंबईचं तर याहून बोलकं. तिथं महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी माणसांना कागदावर कामगार म्हणतच नसत. स्वयंसेवक म्हणत. मजुरीला मानधन म्हणत. कचरा वाहतूक श्रमिक संघानं कोर्टात भांडण लावून धरलं, २०१४ ला औद्योगिक न्यायाधिकरणानं २,७०० जणांना कायम करा म्हणून सांगितलं, महापालिका वर-वर अपिलात गेली, आणि एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं तोच निकाल कायम केला. तरी पुढं कित्येकांचं कायम होणं अडलं, कशावर? तर नावाच्या स्पेलिंगवर. कंत्राटदारानं हजेरीला नाव जसं लिहिलं तसं आधारवर नव्हतं. ज्याला तुम्ही माणूस म्हणून मोजलंच नाही त्याचं नाव तुम्ही नीट कसं लिहिणार? आणि एक आठवण: मुंबईत सफाई कामगारांचा म्युनिसिपल कामगार संघ १९३० च्या दशकात बाबासाहेबांनीच उभा केला होता. आपल्यातले काही जण आजकाल युनियन म्हटलं की 'ते कम्युनिस्टांचं' म्हणून नाक मुरडतात, त्यांच्यासाठी लिहिलं.

आता दोन जमातींशी भांडायचं राहिलं.

पहिली जमात म्हणते, या बायका पर्यावरणाच्या सैनिक आहेत, पृथ्वी वाचवतात. चर्चासत्रात शाल-श्रीफळ देतात. गांधींनीही भंगीकामाला मोठं केलं होतं, आणि ते मोठेपण ऐकून बाबासाहेबांच्या कपाळाची शीर उठली होती. कामाला फुलं वाहिली की पगार वाहायला लागत नाही. पृथ्वी वाचवायची तर सेक्रेटरीसाहेबांनी एक आठवडा त्यांच्या इमारतीचा सुका डबा हातानं निवडावा. सैनिक व्हावं. आमची हरकत नाही.

दुसरी जमात आपली. ती म्हणते, हे काम सोडा, बाबासाहेबांनी सोडायला सांगितलंय, मोजे-बिजे मागून तुम्ही त्यांना त्याच घाणीत कायम करता. यात दम आहे, म्हणून उत्तर देतो. काम सोडायचंच. माझ्या आईनं मला त्यात घातलं नाही, मी माझ्या मुलीला घालणार नाही. पण आजची सकाळ? आज पहाटे चारला निघालेली पंचावन्न वर्षांची मावशी, तिला 'सोड' म्हणायला तुमच्याकडं दुसरी भाकरी आहे का? आणि एक गंमत लक्षात घ्या. जोवर कचरा नुसती घाण होती तोवर तो आमचा होता. आता त्यातून पैसा दिसू लागलाय. प्लास्टिक गोळा केल्याचे दाखले कंपन्यांना लागतात, २०२२ पासून तर त्या दाखल्यांची रीतसर खरेदी-विक्री ठरली. त्याबरोबर टेंडर निघाली, मोठ्या गाड्या आल्या, सूटवाले आले. गाडी कचरा दाबून नेते, भंगार बाईच्या हातून जातं. घाण होती तेव्हा जात विचारली, पैसा आला तेव्हा टर्नओव्हर विचारतात. टेंडरच्या अटीत मावशी कशी बसणार? तेव्हा सोडणं म्हणजे आपण सोडणं. हुसकून लावणं वेगळं. ज्यांनी पन्नास वर्षं फुकट केलं त्यांना मोल मिळायच्या वेळी 'तुम्ही बाबासाहेबांचं ऐका, निघा' असं आपणच म्हणायचं?

आणि हेही लिहून टाकतो, कुणाला राग आला तर येवो. माझ्या टेबलावर आलेल्या तक्रारींत आपली आडनावं होती. कांबळे, गायकवाड, साळवे. बँकेत लागलेले, टू बीएचके घेतलेले, हॉलमध्ये बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो असलेले. आडनावावरून मी ओळखत होतो, त्यांच्याच भाषणाला टाळ्या वाजवून आलो होतो. 'बाई अस्वच्छ असते, बदलून द्यावी.' जी बदलून द्यायची ती त्यांची चुलती लागत असेल. सहा डिसेंबरला आपण शिवाजी पार्कात जातो, जेवतो, पत्रावळी टाकतो, रात्री कोण झाडतं? त्याच रात्री आपल्याच माणसांना डबल ड्यूटी लागते, त्यातल्या कित्येकांना रांगेत उभं राहून दर्शनही मिळत नाही. शिक्षण घेऊन वर गेलेला माणूस खाली बघताना सेक्रेटरीच्या नजरेनं बघायला लागला, तर ते शिक्षण कुणाच्या कामाला आलं?

बोलणं पुष्कळ झालं. काम काय, ते सांगतो.

आमच्या वस्तीत आम्ही सात पोरांनी वह्या घातल्यात. शंभर पानी, साध्या. सकाळी बायांबरोबर एक फेरी करायची. मदत म्हणून ढकलगाडी ढकला, पण मुख्य काम लिहायचं. इमारत, तारीख, काय घडलं. सुक्यात काच निघाली, फोटो. डायपर उघडा निघाला, फोटो. लिफ्टमध्ये चढू दिलं नाही, वॉचमननं काय शब्द वापरले, तेच शब्द. पाणी मागितलं, दिलं नाही. गाडा तीन आठवडे मोडका. मोजे मिळाले नाहीत. वहीवर बाईचा अंगठा किंवा सही, पण तिचं नाव बाहेर देताना तिला विचारून. नाहीतर आपण क्रांती करू आणि तिचं काम जाईल.

त्या वहीतली प्रत्येक नोंद त्याच अॅपवर, त्याच फोनवर, तक्रार म्हणून नोंदवायची. आपल्या नावानं, नागरिक म्हणून. खाना मिळणार नाही. 'इतर' मध्ये टाका. 'इतर'चा ढीग एवढा व्हायला हवा की नंबर लाल होत राहिले पाहिजेत. घड्याळ त्यांनी लावलंय, ते आपल्यासाठीही चालू दे.

माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: कंत्राटाची प्रत, बदली कामगारांची हजेरी, आणि तक्रारीपायी कुणाचे किती पैसे कापले त्याचं रजिस्टर. तिसरं रजिस्टर बहुधा नसतं. 'उपलब्ध नाही' असं लेखी घ्या, ते सोन्यासारखं आहे. कारण दंड कापायचा तर १९३६ च्या पगाराच्या कायद्यात मर्यादा होती, ती २०१९ च्या वेतन संहितेतही आली आहे: त्या मुदतीच्या पगाराच्या तीन टक्क्यांवर दंड नाही, आणि माणसाला आपली बाजू मांडू दिल्याशिवाय अजिबात नाही. दंडाची नोंद ठेवावी लागते. रजिस्टर नसेल तर कापलेला प्रत्येक रुपया बेकायदा. कामगार आयुक्ताकडं अर्ज करताना हे कागद जोडा. बाया स्वतः सह्या करतील तेव्हाच अर्ज द्या, आपण त्यांच्या वतीनं शहाणपण करायचं नाही.

आणि एक मागणी सगळ्या शहरांतून एका भाषेत जाऊ द्या: जिच्यावर तक्रार झाली तिला तक्रारीची प्रत मिळाल्याशिवाय आणि तिचं म्हणणं लिहून घेतल्याशिवाय तक्रार निकाली काढू नका. १९१६ च्या मॅजिस्ट्रेटला चौकशी करता येत होती, तुमच्या कॉम्प्युटरला का येऊ नये?

अर्ज आवक-जावक खिडकीवरच द्यायचा. साहेबाच्या टेबलावर ठेवून यायचं नाही, तो चहाच्या कपाखाली जातो. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. खिडकीवरचा माणूस म्हणेल, उद्या या. तो कंत्राटी असेल, त्याच्याशी भांडू नका, तिथंच बसून राहा. जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्का मारतो. मी मारत होतो.